नाकावरचे पस्तीस ग्रॅम

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीला पडदा असतो. आमच्या सांगलीच्या दुकानात आहे, साताऱ्याला खणआळीत मेहुण्याच्या दुकानात आहे, तुम्ही जिथून चष्मा घेता तिथेही बहुतेक असेल. पुढच्या बाजूला आरसे, दिवे, फ्रेमांच्या रांगा. मागे काच घासायचं मशीन, पकडींचा डबा, गरम हवेचा ब्लोअर आणि जाड सपाट काचेचा एक तुकडा. त्या तुकड्यावर फ्रेम काड्या उघडून उलटी ठेवायची. पुढचे दोन आणि काड्यांच्या टोकांचे दोन, असे चारही टेकू टेकले तर फ्रेम सरळ. एक टेकू अधांतरी राहिला की समजायचं, हे गिऱ्हाईक आठ दिवसांनी परत येणार आणि ‘नंबर चुकलाय’ म्हणणार. नंबर बरोबर असतो. काडी चुकलेली असते.

लोकांना वाटतं चष्मा डोळ्यांसाठी असतो. आमच्या धंद्यात तो नाकासाठी आणि कानांसाठी असतो, डोळ्यांचं काम डॉक्टरांनी आधीच केलेलं असतं. काडी कानाच्या बुडावर जिथे टेकते तिथूनच खाली वळली पाहिजे. अलीकडे वळली तर कानामागे टोचते, पलीकडे वळली तर चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर येतो. हे वळण देण्यासाठी अ‍ॅसिटेटची काडी साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करायची आणि अंगठ्याने दाबत न्यायची. अंगठ्याला चटका बसणार नाही आणि काडीला पांढरी रेघ पडणार नाही, एवढं जमायला वर्षं जातात. बाकीचं मशीन करतं.

आणि मग हे स्मार्ट चष्मे आले.

त्यांच्या काडीत बॅटरी, स्पीकर, सर्किट. लिथियमच्या सेलला साठ अंशांच्या पुढची धग सोसत नाही, म्हणजे ब्लोअर बंद. जोर लावून वाकवावं तर आत काय तुटेल याचा नेम नाही. पिढ्यान्‌पिढ्या जिथे आम्ही हात घालत आलो, नेमकी तीच जागा त्यांनी सामान भरून बुजवून टाकली. म्हणून गिऱ्हाइकाने पहिला प्रश्न ‘वजन किती?’ असा केला की मला हसू येतं. वजन डब्यावर छापलेलं असतं. तो भार तुमच्या डोक्यावर कुठे उतरणार, हे कुठल्याच डब्यावर नसतं.

तसा हा गोंधळ जुनाच. चष्मा इटलीत तेराव्या शतकाच्या शेवटी निघाला आणि पुढची चारशेहून अधिक वर्षं त्याला काड्याच नव्हत्या. हातात धरा, नाकावर चिमटा, नाहीतर दोरी बांधा. लंडनच्या एडवर्ड स्कार्लेट नावाच्या चष्मेवाल्याने १७३०च्या सुमाराला काड्या लावून विकायला सुरुवात केली, पण त्याही कानामागे जात नव्हत्या. टोकाला वेटोळी होती, ती कानशिलावर दाबून बसायची. तेव्हा पुण्यात पहिला बाजीराव पेशवा होता. एवढी शतकं ज्या वस्तूला लागली, तिच्यात कॅमेरा आणि बॅटरी घालून ती दहा-बारा वर्षांत सुखाची होईल अशी अपेक्षा करणं थोडं घाईचंच. गूगलने २०१३ मध्ये दीड हजार डॉलरला ग्लास काढला, जानेवारी २०१५ मध्ये लोकांसाठीची विक्री थांबवली, पुढे कारखान्यांसाठी काढलेली आवृत्तीही मार्च २०२३ मध्ये गुंडाळली. रे-बॅन मेटा १९ मे २०२५ पासून भारतात मिळू लागला, तेव्हाची किंमत २९,९०० रुपयांपासून, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. तुलनेसाठी सांगतो, टायटॅनियमची चांगली रिमलेस फ्रेम काचांसकट पंधरा-वीस ग्रॅममध्ये बसते. आमच्या भागात रे-बॅन मेटाच्या आधीही परदेशातल्या मुलांनी पाठवलेले वेगवेगळ्या कंपन्यांचे नग फिरत होतेच. ते सगळे शेवटी पडद्यामागे येतात.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आहेत. त्यांनाही असाच मुलाने अमेरिकेहून पाठवलेला. ऑक्टोबर छाटणीनंतर हा माणूस सकाळपासून बागेत. डाऊनी आली का, भुरी दिसते का, घड जिरतायत का, हे सगळं मांडवाखाली वर मान करून बघायचं. हात पानात गुंतलेले, तर बोलून फोटो काढायचा आणि सल्लागाराला पाठवायचा. चष्म्याचा असा उपयोग तो बनवणाऱ्यांच्याही डोक्यात आला नसेल. पण तक्रार अशी की संध्याकाळी दोन्ही गालांवर लाल चंद्रकोरी उठतात.

“गालाला घासतोय वो. आणि मी तर काय हसतबी न्हाई बागेत.”

फ्रेमची खालची कड गालावर बसत होती. ह्या फ्रेमा युरोपी नाकाच्या मापाने घडवलेल्या असतात, नाकाचा दांडा उंच धरलेला. आपल्याकडे बऱ्याच जणांचा दांडा बसका असतो, त्यामुळे पूर्ण फ्रेमच दोन-तीन मिलिमीटर खाली उतरते. समोर बघताना ते कळत नाही, वर बघून बोलायला लागलं की गाल वर येतात आणि घासतात. साध्या धातूच्या फ्रेमला नाकावरच्या गाद्या तारेवर असतात, त्या जवळ घेतल्या की काम झालं. इथे गाद्या नाहीतच, प्लॅस्टिकचा एकसंध पूल. बागायतदारांनी ऑनलाइन मागवून सिलिकॉनच्या चिकटगाद्या स्वतःच लावल्या होत्या. गालाचं दुखणं थांबलं, पण चष्मा चार्ज होईना. डबी उघडून बघितली तेव्हा कारण दिसलं: चार्जिंगचे बिंदू नाकाच्या पुलाच्या आतल्या अंगालाच. गाद्यांच्या जाडीने फ्रेम डबीत उचलली जात होती, दोन्ही बिंदू एकमेकांना भेटतच नव्हते. निम्म्या जाडीच्या गाद्या घेतल्या, ब्लेडने कड तासली आणि बिंदू मोकळे ठेवून बाजूला खाली लावल्या. चष्मा दीड-एक मिलिमीटर वर गेला. चंद्रकोरी गेल्या नाहीत, फिक्या झाल्या. बागायतदार म्हणाले, “चालतंय, एवढं तर टोपीबी रुततीया.”

सांगलीचा उन्हाळा हा वेगळा विषय. फेब्रुवारीपासून मार्केट यार्डात नवी हळद यायला लागते, सौदे जोरात सुरू होतात, आणि पुढे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तिथले एक अडते स्मार्ट चष्मा घालून बाहेरगावच्या खरेदीदारांशी बोलत सौद्यात फिरतात. दोन्ही हात मोकळे, हळकुंड मोडून बघायला. त्यांचा चष्मा आमच्याकडे आला तेव्हा तो पिवळा होता. हळदीचा रंग सिलिकॉनमध्ये मुरतो, धुऊन जात नाही. नाकावरच्या गाद्या केशरी पेढ्याच्या रंगाच्या झालेल्या. माइकच्या बारीक छिद्रांत हळदीची पूड घट्ट बसलेली, त्यामुळे पलीकडच्याला आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू जायचा. कोरड्या मऊ ब्रशने छिद्रं झाडून दिली. स्पिरिट लावायचं नाही, पूड ओली होऊन आणखी आत जाते.

त्यांची मूळ तक्रार मात्र उजव्या कानशिलाची. “अर्धा तास बोललं की चटका बसतो.” यात थोडं शास्त्र आहे. त्वचेला तासन्‌तास चिकटून राहणारी वस्तू ४३ अंशांच्या आसपासच थांबली पाहिजे, असा उपकरणांच्या सुरक्षेचा दंडक आहे. थंड देशात बाहेरची हवा वीस अंश असते, काडीतली ऊब सहज निघून जाते. यार्डात पत्र्याखालची हवाच चाळीस, मग ऊब जाणार कुठे? चिप गरम झाली की चष्मा स्वतःच काम मंद करतो किंवा थांबवतो, पण तोवर काडी आणि कातडी यांच्यामध्ये अडकलेला घाम वाळत नाही, आणि खरा त्रास त्या घामाचा असतो. उपाय जुनाच आहे: काडी कानशिलाला टेकताच कामा नये, फक्त कानावर आणि कानामागे टेकावी. नेहमीच्या फ्रेमला आम्ही बिजागरीपाशी जरा बाहेर फाकवून देतो. इथे ते शक्य नाही. त्यांचा चष्मा त्यांच्या चेहऱ्याला मुळातच लहान होता. चौकशी केली तर कळलं, त्यांच्या भाच्याने त्याच दिवशी मोठ्या मापाचा घेतलाय, आणि भाचा काडीपैलवान. त्याची तक्रार चष्मा घसरतो ही. दोघांचेही बिननंबरी. काउंटरवर अदलाबदल केली, दोघंही खूश. फक्त दोघांच्या फोनची जोडणी बदलायची राहिली, आणि संध्याकाळपर्यंत भाच्याला मामांच्या गिऱ्हाइकांचे फोन येत होते.

यार्डात एक बारीक गंमत अशीही कळली की रेकॉर्डिंगचा पांढरा दिवा लागला की समोरचा माणूस भाव सांगताना थबकतो. चष्मा घालणाऱ्याला तो सोयीचा झाला तरी समोरच्याला तो सोयीचा व्हायचा बाकी आहे. तो भाग आमच्या ब्लोअरच्या बाहेरचा.

साताऱ्याची गिऱ्हाइकं वेगळी. तिथे कासच्या फुलांच्या दिवसांत दुचाकीवरून व्हिडिओ करणारी पोरं येतात. पश्चिम घाटाचा भाग म्हणून कास २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून गर्दी हटलेली नाही. या पोरांचं दुखणं हेल्मेट. जाड काडी हेल्मेटचा फोम आणि कानावरचं हाड यांच्यामध्ये चेपली जाते, ठोसेघरच्या रस्त्याला लागेपर्यंत डोकं भणभणायला लागतं. मेहुणा त्यांना चष्म्यात काही करून देत नाही. आधी हेल्मेट, मग चष्मा, आणि काडी फोमवरून आत सरकवायची, एवढंच शिकवतो. फोममध्ये चष्म्यासाठी खाच असलेली हेल्मेटं मिळतात, ती घ्या म्हणतो. आमच्या काड्या वळलेल्या असतात म्हणून हेल्मेटमध्ये जाताना अडतात, ह्यांच्या सरळसोट म्हणून जातात. एका ठिकाणी तरी त्यांचा दोष उपयोगी पडला.

कऱ्हाडच्या एका निवृत्त गुरुजींची गोष्ट मला या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलेली. त्यांच्याकडे काडीला बसवायचा छोटा कॅमेरा आहे, समोरचा मजकूर वाचून कानाशी बोलतो. ते एसटी स्टँडवर गाडीची पाटी ‘ऐकतात’, वर्तमानपत्र ऐकतात, औषधाच्या पट्टीवरची तारीख ऐकतात. आपण चष्मा कंटाळा आला की काढून ठेवतो. त्यांना तो काढला की जग बंद होतं, म्हणून दिवसभर घालून बसण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने त्यांचाच आहे. सगळं वजन एका बाजूला, त्यामुळे नाकाच्या उजव्या अंगाला घट्टा पडलेला, मध्ये त्याची जखमही झाली होती. ही दुखापत वाईट चष्म्यांमुळे होतेच, कातडी जाड होऊन मध्ये चीर पडते, पाहणाऱ्याला भलतीच शंका येते. त्वचेच्या डॉक्टरांनी आधी चष्मा बदला म्हणून सांगितलं आणि ते आमच्याकडे आले.

त्यांच्या जुन्या धातूच्या फ्रेमवर कॅमेरा चढवला, कारण तिच्या गाद्या हलवता येतात. उजवीकडे मोठी, मऊ गादी लावली म्हणजे तोच भार जास्त जागेवर पसरतो. डावी काडी कानामागे थोडी घट्ट. गुरुजी म्हणाले, “काचा काढूनच टाका, मला त्यांचा काय उपयोग?” काढल्या नाहीत. काच फ्रेमला ताठ ठेवते, ती काढली की रिम पिळवटते आणि सगळं मोजमाप वाया. हलक्या पॉलिकार्बोनेटच्या बिननंबरी बसवल्या, धुळीपासूनही राखण. कानात घालायची बोंडं लावून देऊ का, आवाज स्पष्ट येईल, असं आमच्या काउंटरवरच्या पोराने विचारलं. ते म्हणाले, “कान मोकळे पाहिजेत मला. रिक्षा कुठून येतीय ते मी कानानंच बघतो.” आरामाची यापेक्षा नेमकी व्याख्या कुठल्या कंपनीच्या माहितीपत्रकात मी वाचलेली नाही.

आता मिरजेच्या चाचांकडे येतो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले हे जुने कारागीर, पासष्टीच्या घरातले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर पुतण्याच्या मनात आलं की चाचांच्या डोळ्यांना दिसतं तसंच जवारीचं काम चित्रित करायचं आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांना दाखवायचं. म्हणून स्मार्ट चष्मा घेतला. जवारी काढणं म्हणजे घोडीचा माथा कानसेने इतका अलगद घासायचा की तार त्याच्यावर नुसती टेकून झणकारत राहील. एक घासा कमी-जास्त झाला की आवाज बसतो. तासन्‌तास मान खाली, नजर मांडीवर. चाचांना जवळचा नंबर, आम्ही काचा त्या अंतराच्या बसवून दिल्या. आठवड्याने पुतण्या आणि चाचा दोघंही हजर. चष्मा घसरतोय, नाक दुखतंय, मान धरलीय, आणि एवढं करून व्हिडिओत समोरची भिंत आलीय.

भिंतीचं कारण सोपं. डोळे खाली वळतात, कॅमेरा वळत नाही. तो फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यात सरळ समोर रोखलेला असतो. घोडी दिसायची तर चाचांनी मान आणखी वाकवायची, आणि वाकवली की चष्मा आणखी घसरणार. त्यावर पुतण्याने वाद्य उंच चौरंगावर घ्यायचं ठरवलं. नाकाचं मात्र काय करायचं?

चाचांनी चष्मा हातात घेतला. दोन बोटांवर काड्या टेकवल्या, कान असतो तिथे, आणि हळूच हात सैल सोडला. पुढचा भाग धाडकन खाली.

“सगळा भार पुढं हाय याचा. सतारीला वरचा भोपळा कशाला लावत्यात? कोण म्हनतं आवाजाला, कोण म्हनतं शोभेला. जो तासभर धरून बसतो त्याला इचारा.”

“मग काय करू, चाचा?”

“मागं भोपळा लावा.”

पोरगा हसला. मी सोनाराचा काटा काढला. काड्या कानाच्या जागी टेकूवर आणि नाकाचा पूल काट्यावर ठेवला. पन्नासातले पस्तीस ग्रॅम नाकावर, उरलेले पंधरा दोन कानांत मिळून. बरोबरच होतं, कान ते नाक दहा सेंटीमीटर धरले तर चष्म्याचा तोल कानापुढे सात सेंटीमीटरवर पडत होता. मग काड्यांच्या टोकांना सिलिकॉनच्या बाह्या चढवल्या आणि त्यांच्यात पितळेचे बारीक तुकडे भरले, दर बाजूला पाच ग्रॅम, कानामागे चार सेंटीमीटरवर. पितळ चाचांच्याच खिशातलं, तारा आणि खुंट्यांच्या कामातलं उरलेलं. परत काट्यावर ठेवला. चष्म्याचं वजन साठ झालं, नाकावरचा भार एकतीस. दहा ग्रॅम वाढवून नाकाचे चार उतरवले होते. ऐकायला चार ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण बाह्यांमुळे कानामागे पकडही आली, आणि मान वाकवली तरी मागचं ओझं चष्म्याला पुढे जाऊ देईना. चाचांनी चष्मा लावून मान खाली घातली, दोन्ही हातांनी हवेत कानस चालवल्यासारखं केलं आणि म्हणाले, “हलका झाला.”

वजन वाढवून चष्मा हलका झाला, हे कंपन्यांनाही ठाऊक नाही असं नाही. काहींनी बॅटरीच काडीच्या शेवटी, कानामागे नेली आहे. इव्हन रिअ‍ॅलिटीजच्या जी-१ चष्म्यात ती तिथेच असते, पुढचा भाग त्यामुळे साध्या चष्म्याइतका बारीक राहतो. माझं म्हणणं एवढंच की ते करताना काडीचा मधला, कानावर टेकणारा तीन-चार सेंटीमीटरचा तुकडा मोकळा ठेवा. त्यातून एक तार न्या आणि बाकी अ‍ॅसिटेट राहू द्या. मग जगातला कुठलाही चष्मेवाला, मिरजेचा असो की मिलानचा, तो तुकडा त्या माणसाच्या कानाला वळवून देईल. कान कुणाचे दोन सारखे नसतात, एकाच माणसाचेसुद्धा.

चाचांची युक्ती पसरायला वेळ लागला नाही. पुतण्याने त्या बाह्यांचाच व्हिडिओ टाकला. यार्डातले अडते आले, मग साताऱ्याहून मेहुण्याचा फोन, चार जोड पाठव म्हणून. पहिल्या जोडाचे पैसे चाचांनी घेऊ दिले नाहीत, पितळ त्यांचं होतं. दुसऱ्यापासून बिल करायची वेळ आली तेव्हा काउंटरवरच्या पोराने विचारलं, नाव काय लिहू? मी कामात होतो, म्हटलं लिही काहीतरी. महिनाअखेर हिशेबनीस वही घेऊन पडद्याआड आले आणि म्हणाले, “साहेब, हे चष्म्याच्या दुकानात भोपळा तीन जोड कुठून आलं? आणि याला जीएसटी भाजीचा लावू की वाद्याचा?”